येसूबाईंचं दुपारचं पाणी

येसूबाई पाण्यात हात घालून बघत नाहीत, कोपर घालतात. चाळीस वर्षं कढत पाण्यात बुडालेल्या बोटांना सगळंच कोमट वाटतं, असं त्यांचं म्हणणं. कोपर मात्र अजून खरं सांगतं. बादलीशी वाकायचं, डावं कोपर बुडवायचं, मनात तीन मोजायचे आणि मग सांगायचं, "अजून अर्धा तांब्या गार." हा अर्धा तांब्या कधी पाऊण झालेला मी पाहिला नाही.

घणसोलीच्या आमच्या भागात आणि पलीकडे तळवली गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या म्हणून येसूबाईंना सगळे ओळखतात. तळवली त्यांचं सासर. तिथे सासूने, रखमाबाईंनी, त्यांना हे काम शिकवलं. आता त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत. किती मुलांना न्हाऊ घातलं असं कुणी विचारलं तर म्हणतात, "मोजलंय कोनी? मोजली की पोरं आजारी पडतान." पण भाजी घेताना एखादा सहा फुटी मुलगा समोर आला की त्याच्या कानाकडे बघून म्हणतात, "यो डावा कान मी सरल केलाय. आईला सांग, येसूबाय भेटली." मुलगा लाजतो आणि त्याच्याबरोबरची मुलगी हसते.

माझ्या मुलीला, राजलक्ष्मीला, त्यांनीच न्हाऊ घातलं होतं. त्याला एकोणतीस वर्षं झाली. आम्ही साताऱ्याकडचे. माझे यजमान हौसेराव वाशीच्या बाजारात माथाडी होते आणि तेव्हा आम्ही बैठ्या घरात राहत होतो. मागच्या दारी तांब्याचा बंब असायचा. पहाटे त्यात लाकडाच्या ढलप्या घातल्या की आठ वाजता नळीतून धूर आणि तोटीतून कढत पाणी. येसूबाई यायच्या, पदर खोचायच्या, दीड तासात बाळ आणि बाळंतीण दोघींना गाढ झोपवून चहा पिऊन जायच्या. मी तेव्हा कॉलेज संपवून नुकतीच संसाराला लागलेली. पुस्तकात वाचलेलं सगळं त्यांना सांगायचे. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि स्वतःला हवं तसंच करायच्या.

पुढे आम्ही चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर घर घेतलं. बंब गॅलरीत गेला आणि त्यात मनीप्लांट आला. न्हाणीघरात भिंतीवर एक छोटा गिझर बसवला. त्यात पाणी साठत नाही. नळ सोडला की पाणी त्याच्यातून पळता पळता तापतं. आम्हा दोघांना तेवढं पुरतं. साठवणीचा मोठा बसवायचा विचार केला होता, पण न्हाणीघराची भिंत चार इंची. मिस्त्री म्हणाला, एवढं ओझं या भिंतीवर टांगू नका. आम्ही तो विषय तिथेच सोडला.

राजलक्ष्मीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं तेव्हा मी पहिला फोन येसूबाईंना केला. त्या म्हणाल्या, "वैनी, गुडघे आता जिने चढू देत नाय. दिवालीपासून मी काम घेनं बंद केलंय. पन राजूची पोर मी सोडनार नाय. आईला मीच, लेकीला मीच. तो न्हाना झाला की मी सुटले."

ज्या अंगाला न्हाऊ घातलं त्याच अंगाच्या बाळाला न्हाऊ घालायचं, सव्वा महिना पुरा करायचा आणि मग हे काम बंद करायचं. एवढंच त्यांना हवं होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. बाळंतपण सुखरूप झालं. तिसऱ्या दिवशी घरी आलो आणि पाचव्या दिवशी सकाळी साडेआठला येसूबाई चार जिने चढून आल्या. दारात दोन मिनिटं भिंतीला धरून उभ्या राहिल्या, श्वास खाली बसू दिला आणि आत आल्या. त्याच दिवशी राजलक्ष्मीच्या सासूबाई, उज्वलाताई, खांदेश्वरहून डिंकाचे लाडू घेऊन आल्या होत्या. उज्वलाताई माणूस म्हणून चांगल्या. फक्त सगळं कसं असावं हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं.

बाळाचं न्हाणं सुरेख झालं. त्याला पाणी लागतं किती? येसूबाई पाटावर पाय पसरून बसल्या, नातीला पायांवर पालथी घेतली आणि तेलाचा हात असा फिरवला की पोरगी रडायचं विसरली. टाळू भरली, धुरी दिली, दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

मग राजलक्ष्मीची पाळी. बाळंतिणीला पाच बादल्या कढत पाणी लागतं. आधी पाठ, मग पोट, मग कंबर, आणि कंबरेवरची धार मध्ये तुटू द्यायची नाही हा येसूबाईंचा नियम. पहिली बादली बरी भरली. दुसरी भरायला नळ मोठा केला तसं पाणी कोमट झालं. तिसऱ्या बादलीत त्यांनी कोपर घातलं आणि तीन मोजायच्या आत बाहेर काढलं. राजलक्ष्मीच्या अंगावर काटा आला होता आणि दात वाजत होते.

"बस. टॉवेल द्या," येसूबाई म्हणाल्या.

त्यांनी तिला कोरडं केलं, दोन गोधड्यांत घातलं आणि स्वतः न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. अर्ध्यावर न्हाणं थांबवायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. हे त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होतं.

मी म्हणाले, "उद्यापासून मी गॅसवर पातेल्यात तापवून देते."

येसूबाईंनी डावा पाय पुढे केला. घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी गुळगुळीत, गुलाबी. "ह्यो बघा. माजी नणंद गोजरा अशीच उकलता हंडा घेऊन आली नि घसरली. पोर माज्या हातात होता. पोराला वर उचलला म्हनून पायावर निभावला. त्या दिवसापासनं नेम हाय. घरात तान्हं असताना उकलता पानी कुनी हातानं न्यायचा नाय. तुमची चूल एका टोकाला, न्हानी दुसऱ्या टोकाला, मधी पाळणा."

उज्वलाताई हे सगळं ऐकत होत्या. त्या माझ्याकडे वळून हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडे मोठा गिझर आहे, चोवीस तास पाणी. एजन्सीची बाई पण बघून ठेवली आहे, शिकलेली आहे. बारसं झालं की दोघींना मी घेऊन जाते. मुलीला थंडी बाधायला नको."

त्यांचं काही चुकत नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी. हातात सात दिवस होते.

येसूबाई मात्र गिझरकडे बघत होत्या. "वैनी, याचा नळ बारीक करा बरं."

मी बारीक केला. पाणी कढत आलं, पण करंगळीएवढ्या धारेने.

"आता मोठा."

मोठा केला. कोमट.

"म्हंजे याच्यात जोर तेवढाच हाय," त्या म्हणाल्या. "पानी सावकाश गेला तर तापतो, पलाला तर तसाच जातो. बारीक धारंनं पाच बादल्या भरायच्या तर पाचवी भरस्तोवर पहिली गार. आनि यंदा थंडी पन हाय. याला पानी येतो कुठून?"

"गच्चीवरच्या टाकीतून."

"चला."

मी नको नको म्हणत असताना त्या पाचवा जिना चढल्या. गच्चीवर टाकीच्या सावलीत हात टेकून उभ्या राहिल्या. तिथून पश्चिमेला खाडी आणि तिवरं दिसतात. अलीकडे सगळ्या इमारती. त्या इमारतींकडेच बोट करून म्हणाल्या, "थयं आमचा मिठागर होता. माजा बाप, दादू, थयंच राबला. मी सात वर्षांची असल्यापासनं त्याच्या मागं." मग टाकीच्या पाइपाला हात लावला. थंडगार. शेजारी गच्चीच्या फरशीला लावला. दहाच वाजले होते, तरी फरशी ऊबदार होती.

"वैनी, मिठागरात भरतीचा पानी कवा सरल मिठाच्या वाफ्यात घेत नाय. आधी बाहेरच्या उथल खाचरात तापाला ठेवतान. दोन दिवस, चार दिवस. तापला की मग आत. सरल घेतला तर ऊन कितीबी असू दे, मीठ काय येत नाय." त्यांनी पाइपावर हात थोपटला. "तुमचा गिझर वाफा हाय. आपन त्याला सरल खाडीचा पानी पाजतोय."

मी पदवीला विज्ञान घेतलं होतं. एवढी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा जावई निकेश आला. घणसोलीत त्याचं प्लंबिंगचं काम आहे. सासूला तो मामी म्हणतो आणि मामी त्याला जावईबापू म्हणून हमालासारखं राबवतात.

"मामी, साधी गोष्ट आहे, गिझर बदला ना. कशाला टेन्शन घेता?"

"भिंत तू बदलनार काय? नाय ना? मग गच्चीवर काला पिंप ठेव, त्यात टाकीचा पानी सोड नि पिंपाचा पानी गिझरला जोड. जावईबापू, तुमाला जमत नसंल तर सांगा, रुतिकेला बोलावते." रुतिका त्यांची मुलगी, म्हणजे निकेशची बायको. तो मुकाट्याने कामाला लागला.

गच्चीची परवानगी हौसेरावांनी आणली. सोसायटीच्या सेक्रेटरींची अट एकच होती, कपड्यांच्या दोऱ्यांना धक्का लागता कामा नये. यजमान स्वतः निकेशबरोबर दोनशे लिटरचं काळं पिंप खांद्यावरून वर घेऊन गेले. बाजार सुटून सहा वर्षं झाली, पण ओझं दिसलं की त्यांचा खांदा आपोआप पुढे होतो. मी ओरडले तर म्हणाले, "अगं, रिकामं तर हाय."

आठव्या दिवशी सकाळी साडेआठला परीक्षा घ्यायची ठरली. राजलक्ष्मीला बसवायचं नाही, नुसतं पाणी बघायचं. आम्ही सगळे न्हाणीघराच्या दाराशी. निकेशने खटका दाबला, नळ सोडला. येसूबाईंनी कोपर घातलं आणि काढलं.

पाणी आधीपेक्षाही गार होतं.

"रातभर गच्चीवर उघडं पडलेलं पिंप, मामी," निकेश म्हणाला. "थंडी खाऊन बसलंय. आता गिझर पण म्हणतोय मला स्वेटर द्या."

कुणी हसलं नाही. राजलक्ष्मी आतून म्हणाली, "मावशी, राहू द्या ना. मी जाते खांदेश्वरला. रोज तुम्ही किती जिने चढणार?" ती मायेनेच म्हणाली, पण येसूबाईंचा चेहरा मी पाहिला. पायरी चुकल्यावर माणूस होतो तसा झाला होता. चहा न घेता त्या गेल्या.

त्या दिवशी दुपारी दीडला बेल वाजली. येसूबाई. सकाळचे चार जिने आणि आता हे चार. कपाळावर घाम. "वैनी, गच्चीची चावी."

वर जाऊन त्यांनी पिंपाचं झाकण काढलं आणि कोपर घातलं. मग बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात खोल घातला, पार काखेपर्यंत. तशाच उभ्या राहिल्या. आणि मग एकदम हसायला लागल्या. मला कळेना काय झालं.

"घाला, घाला हात."

मी घातला. वरचं चार बोटं पाणी ऊन, त्याखालचं जसंच्या तसं थंड.

"मिठागरातली मी नि मीच इसरलू. बाप सांगून थकला, खोल पानी तापत नाय. खाचर वीतभर पायजे, त्याच्यावर नाय. आनि मी पिंप उभा केला." त्यांनी पदराने हात पुसला. "दुसरी चूक त्याच्यापेक्षा मोठी. बाप पानी कवा आत सोडायचा? ऊन डोक्यावरनं कलला की. सकाली सोडला तर राताचा थंड पानीच आत जानार. आपन सकाली का न्हाऊ घालतो? कारन समदी सकाली घालतान. कारन दुसरा काय नाय."

"म्हणजे दुपारी?"

"दीड वाजता. ह्याच टायमाला."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. म्हणजे मला उज्वलाताई म्हणायचं होतं. येसूबाई म्हणाल्या, "त्यांचं मी बघते. तुमी आधी जावईबापूंना फोन लावा. पिंप न्या म्हनावा, पाइप आना. काला. लांब. गच्चीवर आडवा पसरायचा, जिलबीसारखा. पाइपात पानी बोटभर जाडीचा, त्याला ऊन चारी अंगांनी लागनार."

निकेशकडे पनवेलकडच्या एका शेतावरच्या कामातून उरलेलं काळ्या पाइपचं भेंडोळं होतं. या वेळी त्यालाही ते पटलं असावं. नवव्या दिवशी सकाळी त्याने पाइप गच्चीवर वेटोळं करून पसरला. एक टोक टाकीला, एक टोक खाली आमच्या गिझरला. थेट टाकीतून येणारी जुनी लाइन गार पाण्याच्या नळाला तशीच ठेवली. दुपारी दीडला पाणी सोडलं. पहिली बादली भरताना येसूबाई ओरडल्या, "हात काढा, हात काढा." चक्क चटका बसेल असं पाणी. उन्हाने आधीच तापवलेलं आणि वर गिझरने आणखी तापवलेलं. दुसरी तशीच, तिसरी चांगली. चौथी मात्र कोमट, कारण पाइपातलं तापलेलं पाणी संपलं आणि मागून टाकीतलं आलं.

"अजून एक भेंडोळं," येसूबाई म्हणाल्या.

"मामी, गच्ची माझ्या बापाची नाहीये."

"तुझ्या बापाची नाय, पन तुझ्या सासूची शेवटची पोर हाय."

दुसरं भेंडोळं संध्याकाळी आलं. यजमानांनी कपड्यांच्या दोऱ्या दोन हात पलीकडे सरकवल्या आणि सेक्रेटरींना सांगितलं की दोऱ्या आता जास्त ताणून बांधल्यात, चादरी चांगल्या वाळतील. ते खरंही होतं.

दहाव्या दिवशी उज्वलाताई आल्या. बारशाची खरेदी आणि सामानाची बांधाबांध, अशा दोन कामांसाठी. राजलक्ष्मीची बॅग त्यांनी पलंगावर उघडून ठेवली. साडेबाराला जेवणं झाली तेव्हा त्यांनी विचारलं, "आज न्हाऊ नाही घातलं अजून?"

"दीड वाजता आहे," मी म्हणाले.

"दुपारी? बाळंतिणीला दुपारी कोण न्हाऊ घालतं? ओल अंगात बसेल. आमच्यात सकाळीच असतं."

येसूबाई दारातच चपला काढत होत्या. त्या आत येऊन उज्वलाताईंसमोर खाली बसल्या, गुडघा दोन्ही हातांनी दाबत. "ताई, माजी आई मिठागरावर कामाला जायची. सकाली न्हाऊ घालायला तिला नि मना कोन बसलेलं? पानी दुपारी तापायचा, तवाच आमची न्हानी. मी जलमले ती दुपारच्या पान्यावर वाढले. सदुसष्ट वर्षं झाली. या गुडघ्यांशिवाय काय दुखत नाय, नि गुडघे जिन्यांनी गेले, पान्यानं नाय. तुमी फक्त आज बघा. पटलं नाय तर बॅग भरलेलीच हाय."

उज्वलाताई खुर्ची ओढून न्हाणीघराच्या दाराशी बसल्या. मला त्यांचं ते आवडलं. न बघता नाही म्हणायचं नाही, एवढा न्याय त्यांच्यात आहे.

येसूबाईंनी पदर खोचला. पहिली बादली चटक्याची, तिच्यात त्यांनी गार पाणी घातलं, कोपर घातलं, अजून अर्धा तांब्या. राजलक्ष्मी पाटावर बसली. पाठीवर पहिला तांब्या पडला तशी तिने डोळे मिटले. दुसरी बादली. मी भरत होते, त्या ओतत होत्या, आमचं दोघींचं बोलणं बंद. तिसरी. आता कंबर. इथून धार तुटायची नव्हती. तांब्या एका हातातून दुसऱ्या हातात, एक रिकामा होतोय तोवर दुसरा ओतला जातोय. चौथी बादली नळाखाली लागली तेव्हा माझं लक्ष पाण्याकडे नव्हतं, येसूबाईंच्या कोपराकडे होतं. त्यांनी ते बुडवलं. एक, दोन, तीन. वर काढलं आणि नुसतं म्हणाल्या, "गार घाला."

चौथ्या बादलीला गार पाणी घालावं लागलं. मी लगेच पाचवी बादली पुढे ओढली.

पाचवी भरायला लागली तशी उज्वलाताई उठल्या. साडीचा काठ वर धरून आत आल्या आणि गिझरच्या नळाखाली हात धरला. झटकन मागे घेतला.

"बोट नको, कोपर," येसूबाई तांब्या न थांबवता म्हणाल्या.

उज्वलाताईंनी खरोखर कोपर धरलं.

न्हाणं झाल्यावर राजलक्ष्मीला धुरी दिली, डोकं बांधलं. ती उशीला टेकली आणि दोन मिनिटांत झोपली. तोंड किंचित उघडं, अगदी लहानपणी झोपायची तशी. बाळ तिच्या कुशीत. उज्वलाताई बराच वेळ दोघींकडे बघत उभ्या होत्या. मग पलंगावरची बॅग उचलून त्यांनी बंद केली आणि कपाटावर ठेवली.

"सव्वा महिना होऊ दे इथेच," त्या मला म्हणाल्या. मग येसूबाईंना म्हणाल्या, "मावशी, त्या पाइपाचं जरा नीट सांगा. आमच्या गच्चीवर पण ऊन असतं. एवढा मोठा गिझर चोवीस तास चालू ठेवायचा म्हणजे..."

"जावईबापूंचा नंबर घ्या," येसूबाई म्हणाल्या. "पन उभा पिंप कोनी सांगितला तर ऐकू नका."

निकेश जिन्यात उभा होता, त्याने ते ऐकलं. "मामी, पिंप कुणी सांगितलं होतं ते पण सांगा ना त्यांना."

"सांगितला मीच. मानूस चुकतो. तू स्वेटर मागत होतास, ते सांगू का?"

पुढचे दिवस न्हाणं रोज दुपारी दीडला होत राहिलं. सकाळी दहाच्या सुमारास तळवलीहून फोन यायचा. येसूबाई आकाश बघून सांगायच्या, आज ऊन कडक, नळ मोठा सोडा. आज धुरकट हाय, चार बादल्याच धरा, नळ बारीक. एकदा ढग भरून आले तेव्हा म्हणाल्या, आज बाळंतिणीचं डोकं नको, नुसती कंबर. त्यांचा अंदाज चुकला नाही. मिठागर बुजून कितीतरी वर्षं झाली, त्यावर रस्ते आणि इमारती आल्या, पण उन्हाचा हिशेब त्यांच्या अंगात तसाच राहिला होता, इतकी वर्षं कुणी न विचारलेला. मुलांना न्हाऊ घालणारी बाई म्हणूनच आम्ही त्यांना ओळखत होतो. दादूची मुलगी म्हणून त्यांना कोण ओळखणार?

आता आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही पाइप टाकून घेतला आहे. गच्चीवर दोन काळ्या जिलब्या आहेत. लोक त्याला येसूबाईचं पाणी म्हणतात. "येसूबाईच्या पाण्याने धुतले कपडे," असं परवा एक जण दोरीपाशी म्हणाली.

सव्वा महिना पुरा झाला त्या दिवशी मी खण-नारळाने येसूबाईंची ओटी भरायची तयारी केली होती. उज्वलाताई साडी घेऊन आल्या होत्या, खास त्यांच्यासाठी, आणि रंग त्यांनी स्वतः निवडला होता. येसूबाई नेहमीसारख्या आल्या, भिंतीला धरून श्वास खाली बसू दिला. पण पाटावर बसल्या नाहीत.

"राजू, आज तू बस. पाय पसर."

राजलक्ष्मी घाबरली. "मावशी, माझ्याकडून निसटेल ती."

"मी बाजूलाच हाय."

राजलक्ष्मी पाटावर बसली, पाय पसरले. बाळाला तिच्या पायांवर दिलं. येसूबाईंनी बादलीत गार पाणी घातलं आणि बादली तिच्याजवळ सरकवली. "बघ."

राजलक्ष्मीने हात पुढे केला, मग आठवून मागे घेतला आणि कोपर बुडवलं. ओठ हलले, एक, दोन, तीन. तिने येसूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या, जणू काही त्यांचा या सगळ्याशी संबंधच नाही.

"मावशी, हे जास्त गरम आहे," राजलक्ष्मी म्हणाली. "अजून अर्धा तांब्या गार हवं."

"घाल मग," येसूबाई म्हणाल्या. "मी मुद्दाम कमी घातला होता."

राजलक्ष्मीने अर्धा तांब्या गार पाणी घातलं, पुन्हा कोपर बुडवलं आणि बाळाच्या पाठीवर पहिली धार धरली. पोरगी रडली नाही. येसूबाई भिंतीला टेकून उंबऱ्यावर बसल्या, गुडघे लांब केले आणि मला म्हणाल्या, "वैनी, आज चहात आलं जरा जास्त टाका. आज मना घाई नाय."